नकोशा टपालाचा इतिहास

१/ २९ जुलै १८३५. न्यूयॉर्कहून निघालेली आगबोट अमेरिकेच्या दक्षिणेतील चार्ल्स्टन बंदराला लागली. तिच्यावरील टपालाच्या पोत्यांत छापील पत्रकांचे गठ्ठे होते. दक्षिणेतील प्रतिष्ठितांच्या नावे आलेली ही पत्रके त्यांपैकी कोणीही मागवली नव्हती. त्याच रात्री जमावाने टपाल कचेरी फोडून ती पळवली आणि दुसऱ्या रात्री त्यांची होळी केली.

२/ पत्रके गुलामगिरीविरोधी होती. पाठवणारी संस्था अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी. वाफेवर चालणाऱ्या छापखान्याने छपाई स्वस्त केली होती आणि टपालाला कोणतेही दार वर्ज्य नव्हते. पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडाल यांनी दक्षिणेतील पोस्टमास्तरांना अशी पत्रके अडवण्याची मोकळीक दिली. कोणते टपाल नकोसे, हे ठरवायचे कोणी? जमावाने, सरकारने, की ज्याच्या नावे ते आले त्याने?

३/ पुढे या प्रश्नात पैसा शिरला. १८६३ च्या कायद्याने टपालाच्या तीन श्रेणी केल्या. पत्रे पहिल्या, नियतकालिके दुसऱ्या आणि जाहिरातवजा परिपत्रके तिसऱ्या श्रेणीत गेली. १९२८ मध्ये तिसऱ्या श्रेणीच्या घाऊक टपालाला वेगळा स्वस्त दर मिळाला. न मागता येणाऱ्या या जाहिरातींना लोक ‘जंक मेल’, म्हणजे रद्दी टपाल, म्हणू लागले.

४/ टपालखाते मात्र तोट्यात होते. ऑक्टोबर १९६६ मध्ये शिकागोच्या मुख्य कचेरीत सुमारे १ कोटी टपालवस्तू तुंबल्या. मार्च १९७० मध्ये अपुऱ्या वेतनामुळे न्यूयॉर्कमध्ये संप सुरू झाला आणि देशभर पसरला. सुमारे २ लाख कर्मचारी त्यात उतरले; राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टपाल हाताळण्यासाठी सैनिक पाठवले.

५/ त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रोवन खटल्याचा निकाल दिला. अश्लील वाटणाऱ्या जाहिराती बंद करवून घेण्याचा हक्क कायद्याने घरमालकाला दिला होता आणि अश्लील काय, हे ठरवणे सर्वस्वी त्याच्यावरच सोपवले होते. न्यायालयाने हा कायदा उचलून धरला: ज्याला टपाल नको आहे, त्याच्या पेटीपाशी पाठवणाऱ्याचा अधिकार संपतो. चार्ल्स्टनच्या प्रश्नाला १३५ वर्षांनी उत्तर मिळाले. ठरवणार तो घेणारा.

६/ परंतु ऑगस्ट १९७० च्या कायद्याने हिशेबच बदलला. १ जुलै १९७१ पासून ‘युनायटेड स्टेट्स पोस्टल सर्व्हिस’ ही नवी यंत्रणा सुरू झाली. तिने आपला खर्च आपल्या उत्पन्नातून भागवावा, अशी अपेक्षा होती. आता नकोसे टपाल हाही उत्पन्नाचा आधार झाला.

७/ पहिल्या श्रेणीच्या टपालाने २००१ मध्ये १०,३०० कोटी नगांचा उच्चांक गाठला. मग ईमेलच्या काळात त्याला ओहोटी लागली आणि २००५ मध्ये जाहिरात टपालाने संख्येत त्याला मागे टाकले. २००६ च्या कायद्याने निवृत्तांच्या आरोग्यखर्चासाठी दरवर्षी सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूला काढण्याची सक्ती केली. २०१२ मध्ये हे हप्ते थकले. ती सक्ती रद्द व्हायला २०२२ उजाडले.

८/ दरम्यान २०११ मध्ये टपालसेवेने स्वतःच एक योजना आणली. तीत व्यापाऱ्याला नावपत्त्यांची यादीही लागत नाही. पोस्टमनच्या मार्गावरील प्रत्येक घरात पत्रक पडते.

९/ यामागचे गणित साधे आहे. पोस्टमनला आठवड्यातून सहा दिवस फेरी करावीच लागते. पिशवी भरलेली असो वा रिकामी, चालण्याचा खर्च जवळपास तोच. एका जाहिरातीमागे सुटणारा पैसा पत्रापेक्षा कितीतरी कमी असतो, तरी तो त्या फेरीच्या खर्चाला हातभार लावतो.

१०/ म्हणूनच नकोसे टपाल नाकारण्याचा हक्क प्रत्येक घराने बजावला, तर पेट्या स्वच्छ होतील, पण आडगावच्या म्हाताऱ्याचे औषध आणि मतदाराची टपाली मतपत्रिका आणणारी फेरी महाग होईल. घरमालक जे न वाचता टोपलीत टाकतो, त्याच्याच पैशातून त्याच्या दाराशी येणाऱ्या पोस्टमनच्या पगाराचा काही भाग निघतो.