मुंगूस, साप आणि लिलावातली पिवळी गाडी

इंग्रजीतला 'मोंगूज' हा शब्द आपला आहे. इंग्रजी शब्दकोशात त्याची व्युत्पत्ती बघा, 'मराठी: मुंगूस' असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं. गोऱ्या साहेबाने हा प्राणी पहिल्यांदा इकडे पाहिला, नाव विचारलं आणि ऐकलं तसं उचललं. पुढे मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९४च्या 'जंगल बुक'मध्ये मुंगसाची गोष्ट घातली आणि साप-मुंगसाचं वैर जगभरच्या पोरांना पाठ झालं.

हाच शब्द १९७० साली कॅलिफोर्नियातल्या एका लाल गाडीवर रंगवलेला होता, आणि त्यातल्या इंग्रजी एसच्या जागी चक्क डॉलरचं चिन्ह होतं. शेजारी एक पिवळी गाडी उभी असायची, तिच्यावर साप. या दोन गाड्या आणि त्यांना वाहून नेणारे दोन ट्रक जानेवारी २०१४मध्ये अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला लिलावात आले. चारही वाहनं एकत्र, एकच बोली. हातोडा पडला तेव्हा कमिशन धरून आकडा होता ९ लाख ९० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सहा कोटी रुपयांहून जास्त. धड वळताही न येणाऱ्या, एका माणसापुरत्या, दिवा-आरसा नसलेल्या गाड्यांना हा भाव कशाचा, हे शोधताना मला त्यातल्या एका माणसाची गोष्ट सापडली. ती आपल्या लोकांनी वाचावी असं वाटलं.

आधी खेळ समजून घेऊ. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर दोन गाड्यांनी शेजारी उभं राहायचं आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशेबाने ४०२ मीटर, आधी कोण कापतो ते बघायचं. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात घरी परतलेल्या तरुणांनी जुन्या गाड्यांची इंजिनं फुगवून रस्त्यावर आणि ओसाड धावपट्ट्यांवर हे सुरू केलं. १९५१मध्ये वॉली पार्क्सने त्यासाठी एनएचआरए ही संघटना काढली, हेतू असा की पोरांनी रस्त्यावर मरण्यापेक्षा नियमात राहून पळावं. लाँग बीचजवळची लायन्स ड्रॅग स्ट्रिप १९५५ची.

आपल्या गोष्टीतल्या गाड्या 'फनी कार' प्रकारातल्या. बाहेरून बघाल तर प्लिमथची साधी दोन दरवाजांची गाडी. पण ते नुसतं फायबरग्लासचं टरफल असतं, मागच्या बाजूला बिजागरी लावलेलं. ते पेटीच्या झाकणासारखं वर उचललं की आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पुढे क्रायस्लरचं हेमी इंजिन, त्यावर हवा कोंबणारा सुपरचार्जर, आणि इंजिनाच्या मागे माणूस. इंधन पेट्रोल नव्हे, नायट्रोमिथेन. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी पट जास्त इंधन जाळता येतं, आणि तेवढीच ताकद. काही बिघडलं की मात्र समोरचं इंजिन फुटतं, तेल पेट घेतं, आणि माणूस बंद टरफलात बसलेला. मार्च १९७०मध्ये लायन्सवर डॉन गार्लिट्स या नामांकित चालकाच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स पायाशी फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा तुकडा गेला. त्यानंतर त्याने इंजिन चालकाच्या पाठीमागे नेलं आणि हळूहळू सगळे ड्रॅगस्टर तसेच झाले. फनी कारमध्ये इंजिन अजूनही पुढेच आहे.

पिवळ्या गाडीचा चालक डॉन प्रुडोम. जन्म १९४१. शाळा अर्धवट सोडली आणि वडिलांच्या बॉडीशॉपमध्ये रंगकाम करू लागला. ज्याला आपण डेंटिंग-पेंटिंग म्हणतो तेच. घासायचं, लांबी भरायची, पुन्हा घासायचं, मग स्प्रे. आपल्या किती मोहल्ल्यांतली पोरं याच कामात वाढली हे वेगळं सांगायला नको. कारखाना अब्बांचा नसेल तर चाचाचा, नाहीतर शेजारच्या मिस्त्रीचा. प्रुडोमने रेसवाल्यांच्या गाड्या रंगवल्या, त्यातून त्यांच्यात ऊठबस वाढली, १९६०मध्ये टॉमी आयव्हो या चालकाबरोबर मदतनीस म्हणून देशभर फिरला आणि १९६२पासून ग्रीअर आणि ब्लॅक या दोघांच्या ड्रॅगस्टरवर स्वतः बसला. ती गाडी इतक्या वेळा जिंकली की तिचे आकडे आज दंतकथेसारखे सांगितले जातात. दिवा लागताच फुत्कारल्यासारखा सुटतो म्हणून त्याचं नाव पडलं 'स्नेक'.

मग सापाला हरवणारा कोणीतरी हवाच. तो टॉम मॅक्यूअन. त्याला 'मोंगूज' हे नाव चिकटलं आणि १९६४मध्ये लायन्सवर दोघांची पहिली जाहीर लढत लागली. ती मुंगसाने मारली.

इथे मला आपले मदारी आठवतात. बाजाराच्या दिवशी टोपलीत नाग आणि खुंटीला बांधलेलं मुंगूस घेऊन बसणारे, मदारशाह बाबांचं नाव घेणारे. 'आता झुंज लागणार, मेहेरबान!' असं तासभर म्हणत राहायचे, मधल्या वेळात तावीज, अंगठ्या, जडीबुटी विकायचे, आणि झुंज बहुतेक वेळा लागायचीच नाही. गर्दी तरी हलायची नाही. मॅक्यूअनला ही मदाऱ्याची अक्कल उपजत होती. गाडी चालवण्यात प्रुडोम त्याच्यापेक्षा सरस, हे आकडेच सांगतात. पण शर्यतीच्या आधी आठवडाभर वर्तमानपत्रातून खोड्या काढायच्या, वैर तापवायचं, लोकांना तिकीट घ्यायला लावायचं, हे मॅक्यूअनचं काम. फरक एवढाच की यांची झुंज खरोखर लागायची.

तो काळच तसा बोलक्यांचा होता. त्याच १९६४ साली कॅशियस क्लेने लिस्टनला पाडलं, इस्लाम स्वीकारल्याचं जाहीर केलं आणि मुहम्मद अली हे नाव घेतलं. अलीला लोक 'लुईव्हिल लिप' म्हणत, लुईव्हिलचा तोंडाळ. वॉशिंग्टनकडचा कृष्णवर्णीय ड्रॅग रेसर माल्कम डरहम याला त्यावरूनच 'डीसी लिप' नाव पडलं होतं. कॅलिफोर्नियात फ्रेड स्टोन आणि टिम वूड्स या दोन कृष्णवर्णीयांच्या मालकीची १९४१ची विलीज कूप गाजत होती. चालवणारा डग कुक गोरा. दारावर तिघांची नावं एका ओळीत रंगवलेली. म्हणजे हा खेळ फक्त गोऱ्यांचा होता असं म्हणता येत नाही. पण जाहिरातीचा पैसा कोणाच्या चेहऱ्यामागे धावायचा, हा प्रश्न उरतोच.

तो पैसा आला खेळण्यांच्या कंपनीतून. मॅटेलने १९६८मध्ये 'हॉट व्हील्स' या चिमुकल्या धातूच्या गाड्या बाजारात आणल्या होत्या. मॅक्यूअनने आपल्याच घरातली पोरं त्या खेळताना पाहिली आणि डोक्यात दिवा लागला. दोघांनी 'वाइल्डलाइफ रेसिंग' नावाची कंपनी काढली, मॅटेलशी करार केला आणि १९७०च्या हंगामात प्रुडोमची पिवळी बॅराकुडा आणि मॅक्यूअनची लाल डस्टर रस्त्यावर उतरली. बाजूवर हॉट व्हील्सची ज्वाला, मागे त्याच रंगाचे डॉजचे ट्रक, ज्यांच्या उतरत्या पाठीवर गाडी चढवून गावोगाव न्यायची. त्याच वर्षी दुकानात साप-मुंगसाचा खेळण्यातला संच आला. दोन छोट्या गाड्या, दोन पट्ट्या, टोकाला उडणारे पॅराशूट.

तोवर या खेळात पैसा देणारे म्हणजे टायरवाले, तेलवाले, कॅमशाफ्टवाले. गाडीचा सामान विकणाऱ्यांनीच गाडीवर नाव लावायचं. ज्याचा गाडीशी संबंध नाही अशा कंपनीने एवढा पैसा घालण्याचं हे पहिलं मोठं उदाहरण मानलं जातं. आज क्रिकेटपटूच्या छातीवर काय काय छापलेलं असतं ते आठवा. त्या वाटेवरचं हे एक जुनं पाऊल. करार तीन हंगाम चालला, १९७२नंतर संपला. आपल्याकडे हॉट व्हील्स बऱ्याच उशिरा, 'लिओ' या नावाखाली आली. माझ्या वाट्याला आलेली गाडी निळी होती आणि तिची चाकं दुसऱ्याच आठवड्यात वाकली होती. साप-मुंगसाचा संच मी फक्त चित्रात पाहिला.

पुढचं थोडक्यात. प्रुडोम १९७५ ते १९७८ सलग चार वर्षं फनी कारचा विजेता. सहा सेकंदांच्या आत पाव मैल कापणारी पहिली फनी कार त्याचीच, १९७५ची. ताशी २५० मैलांचा टप्पा गाठणारीही त्याचीच, १९८२ची. कारकीर्दीत ४९ राष्ट्रीय स्पर्धा. मॅक्यूअनचे विजय मोजके. पण त्यातला एक असा आहे की त्यापुढे बाकीचे आकडे मला फिके वाटतात. १९७८मध्ये त्याचा मुलगा जेमी रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्यानंतर काही दिवसांतच इंडियानापोलिसला यूएस नॅशनल्स, या खेळातली सगळ्यात मानाची स्पर्धा. मॅक्यूअन गेला, फेऱ्या जिंकत अंतिम फेरीत आला, आणि समोर प्रुडोम. मुंगूस जिंकलं. त्या दिवशी सापाचा पराभव कोणालाच टोचला नाही, सापालाही नाही असं सांगतात.

आता त्या गाड्यांकडे. जुनी रेसची गाडी मागे उरणं हाच अपवाद. तिचं आयुष्य एका हंगामाचं. पुढच्या वर्षी जरा हलका सांगाडा येतो आणि ही निकामी ठरते. मग ती कोणा लहान रेसवाल्याला विकायची, तो आपला रंग मारतो, इंजिन बदलतो, टरफल जळलं की दुसरं बसवतो, आणि पाच वर्षांनी तोही भंगारात टाकतो. नवी गाडी बांधायला पैसा जुनी विकूनच येतो, त्यामुळे जपून ठेवणं चैनीत मोडतं. चोर बाजारात गाडीचा एक-एक अवयव वेगळा मांडलेला बघितला असेल तर हे लगेच कळेल. म्हणूनच अशा गाडीच्या बाबतीत 'अस्सल' या शब्दाचा अर्थ जरा सैल धरावा लागतो. सांगाडा तोच असला तर पुष्कळ. टरफल, रंग, टायर, इंजिन यांतलं काही ना काही नंतरचं असणारच.

प्रुडोमने १९९४मध्ये चालवणं थांबवलं, मग संघमालक म्हणून दीड दशक काढलं. दरम्यान तो आपल्याच विकलेल्या गाड्या शोधू लागला. माणसं गाठायची, कोणी कोणाला विकली याचा माग काढायचा, मिळेल त्या अवस्थेत परत घ्यायची आणि पुन्हा उभी करायची. गाड्यांबरोबर त्याने तो ट्रकही शोधला, हे मला विशेष वाटतं. शर्यतीची गाडी जपणारे असतात. तिला पाठीवर वाहणारा ट्रक कोण जपतो? तो तर राबून राबून संपतो. २०१३मध्ये दोघांवर 'स्नेक अँड मोंगूज' हा चित्रपट आला आणि पुढच्याच जानेवारीत चारही वाहनं लिलावाच्या मंचावर होती.

या सगळ्यानंतर, २०२०मध्ये, प्रुडोमचं आत्मचरित्र आलं. त्यात त्याने आपल्या घराण्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं. मूळ लुईझियानाचं क्रिओल घराणं, मुळात आफ्रिकन रक्त. फ्रेंच आडनाव आणि उजळ कातडी यामुळे बाहेर कोणी विचारलं नाही, आणि इतकी वर्षं रेसच्या मैदानावर हा विषय निघालाही नाही. म्हणजे ज्या काळात मॅटेल त्याचं नाव लाखो घरांत नेत होती, त्या काळात अमेरिकेतला एक सर्वांत यशस्वी ड्रॅग रेसर कृष्णवर्णीय वंशाचा आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

यावर न्याय करायला मी बसलेलो नाही. अलीने नाव बदलून जगाला सांगितलं, त्याची किंमत मोजली. १९६७मध्ये त्याचा किताब गेला, साडेतीन वर्षं रिंगण बंद झालं. प्रुडोमने काही सांगितलं नाही आणि गाडी पळवली. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, पन्नाशीतले. गिऱ्हाईक त्यांना 'राजूभाई' म्हणतात. खरं नाव रियाजुद्दीन. गॅरेजच्या पाटीवर देशाचं नाव आहे, माणसाचं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, 'गाडी दुरुस्त झाल्यावर गिऱ्हाईक पाटी वाचत नाही, पण आत येताना वाचतं.' त्यांचा मुलगा आता त्याच गॅरेजात बसतो. ऑनलाइन नकाशावर त्याने स्वतःचं पूर्ण नाव घातलं आहे, वडिलांना न विचारता. त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता, असं त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना हसत होते.

मॅक्यूअन २०१८च्या जूनमध्ये गेला, प्रुडोमचं पुस्तक त्याला वाचायला मिळालं नाही. दोघं शेवटपर्यंत दोस्त होते. पिवळी बॅराकुडा आणि लाल डस्टर, दोन्ही आपापल्या ट्रकांसह, एकाच मालकाकडे गेल्या. साप आणि मुंगसाची ताटातूट झाली नाही, हे मला बरं वाटलं.