जुनी ‘फियाट’ मोडीत काढताना काय राखावे?

मुंबईच्या रस्त्यांवर ‘फियाट’ या एकाच नावाने ओळखल्या गेलेल्या मोटारींचा काळ आता सरला आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. १९७४ पासून तिचेच पुढचे रूप ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून प्रसिद्धीस आले. उत्पादन थांबल्यानंतरही काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती धावत राहिली. ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. खासगी मालकांकडे मात्र काही गाड्या अजून उभ्या आहेत. सुमारे ९०० किलो वजनाची ही गाडी भंगारवाला लोखंडाच्या भावाने नेतो. पण तिच्यातले काही भाग पुन्हा कुठेही घडणार नाहीत. म्हणूनच ती सोडण्यापूर्वी निवड करणे आवश्यक ठरते.

मोडावी की राखावी?

पहिला निर्णय पत्र्याचा. या गाडीला वेगळी चासी नाही; सांगाडा आणि बॉडी एकसंध आहे. त्यामुळे इंजिन कितीही चांगले असले तरी तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि मागच्या पाट्यांच्या जोडणीची जागा सडली असेल, तर गाडी वाचवणे अत्यंत खर्चिक होते. नवी मुंबईत करावे, सीवूड्स, नेरूळ अशा खाडीलगतच्या भागांत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे काम झपाट्याने करतात. वरचा रंग चकचकीत असला तरी फसू नये. पायाखालची मॅट आणि डिक्कीतला सुटा टायर काढून टोच्याने पत्रा तपासावा.

दुसरा प्रश्न वयाचा. २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली बिगर-व्यावसायिक गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. डिलाइट किंवा त्याआधीची ‘डुक्कर फियाट’ बऱ्या अवस्थेत असेल, तर ती मोडण्यापूर्वी हा मार्ग अवश्य पडताळावा.

काय आधी काढावे?

प्रत्येक भागाला तीन कसोट्या लावाव्यात: तो बाजारात मिळतो का, दुरुस्त होऊ शकतो का आणि घरात ठेवता येईल का? येथे अनेक मालकांचा अंदाज चुकतो. सर्वांत मौल्यवान म्हणून इंजिनाकडे बोट दाखवले जाते. प्रत्यक्षात टॅक्सीच्या दीर्घ वापरामुळे १०८९ सीसी इंजिनाचे सुटे भाग आणि ते जाणणारे मिस्त्री वर्षानुवर्षे टिकून राहिले. याउलट जुन्या मॉडेलची पुढची जाळी, मोनोग्रॅम, बंपर, दिव्यांच्या कड्या, दारांची हँडल, स्पीडोमीटर, मूळ स्टिअरिंग आणि अखंड काचा एकदा गेल्या की सहज मिळत नाहीत. हे भाग हलके असतात, कपाटात मावतात आणि दुसऱ्या गाडीला तिचा मूळ चेहरा परत देतात. म्हणून तेच प्रथम उतरवावेत.

त्यानंतर सोलेक्स कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, सेल्फ, डायनामो आणि स्टिअरिंगजवळच्या गिअरची दांडी व तिचे सांधे यांचा क्रम येतो. इंजिन सुरू होत असेल, तर गाडी खोलण्यापूर्वीच ऑइलचा दाब, धूर आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासून लिहून ठेवावे. नंतर हे कळण्यास मार्ग उरत नाही. डिफरन्शियलचे क्राउन आणि पिनियन जोडीनेच ठेवावेत. त्यांची फारकत केल्यास दोन्ही निरुपयोगी ठरण्याची शक्यता असते.

मागचा एक्सल आणि चाके सर्वांत शेवटी काढावीत, म्हणजे सांगाडा ढकलून हलवता येतो. नट-बोल्ट पिशव्यांत घालून चिठ्ठ्या लावाव्यात, काचा उभ्या ठेवाव्यात आणि उघड्या धातूवर ग्रीस चोळावे.

काय सोडून द्यावे?

टायर, ब्रेकचे होज, पेट्रोलच्या नळ्या आणि तडा गेलेले रबर कितीही चांगले दिसले तरी राखू नयेत. त्यांवर जीव अवलंबून असतो. जुन्या ब्रेक व क्लचच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. म्हणून तेथील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बॅटरी आणि जळके ऑइल गटारात वा कचऱ्यात न टाकता अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच द्यावे.

कागदपत्रांचे भान

गाडी कायमची निकामी झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार १४ दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवणे मालकावर बंधनकारक आहे. ही नोंद रद्द न करता गाडी परस्पर भंगारात गेली, तर चासी क्रमांक आणि नंबरप्लेट यांचा गैरवापर होऊ शकतो. आणि कागदावर मालक तोच राहतो. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत मोडतोड केंद्रात गाडी दिल्यास ‘ठेव प्रमाणपत्र’ मिळते. त्यावर नव्या वाहनासाठी सवलतीही आहेत. मात्र किती भाग काढून नेलेली गाडी केंद्र स्वीकारेल, हे स्पॅनर हाती घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे. इंजिन विकायचे असेल, तर त्यावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून विक्रीचा लेखी कागद करावा. घेणाऱ्यालाही आपल्या गाडीत ते बसवताना परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते.

राखलेले भाग वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिले, तर भंगार केवळ घरात आले असे होईल. चालू गाडी असलेल्या एखाद्या मालकाकडे ते पोहोचले, तर एका गाडीच्या जाण्याने दुसरी रस्त्यावर टिकते. निवड करताना हाच विचार समोर असावा.