अनाहत : हृदयकमळ आणि नामदेवांचा शब्द

योगशास्त्रात हृदयस्थानीच्या चक्रास अनाहत म्हणतात. आघातावाचून उमटणारा नाद तो अनाहत. अर्थात चक्राचे हे नाव आकारावरून नव्हे, नादावरून पडले. बारा दळे, त्यांवरील ‘क’ ते ‘ठ’ हे वर्ण, षट्कोणी वायुमंडल, ‘यं’ हे बीज आणि मृग हे वाहन असे या चक्राचे सर्वपरिचित चित्र बंगालच्या पूर्णानंदांनी १५७७ मध्ये रचलेल्या ‘षट्चक्रनिरूपणा’त सविस्तर आढळते.

ज्ञानेश्वरी (१२९०) त्याहून सुमारे तीन शतके जुनी. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी हृदयात प्रवेशल्यावर अनाहताचा ध्वनी वर्णिला आहे.

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान होय. त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी त्यांना उपदेश केला, असे मानतात. ‘खेचर’ म्हणजे आकाशात संचार करणारा. या नावातच योगमार्गाची खूण आहे. आख्यायिकेत मात्र विसोबा चक्रांचा पाठ देत नाहीत. पिंडीवर पाय ठेवून, देवावाचून रिकामी जागा कोणती, एवढेच विचारतात.

१६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथातून नामदेवांच्या नावाची ६१ पदे शीखांच्या धर्मग्रंथात स्थिरावली. त्यांपैकी रामकली रागातील एका पदात इडा, पिंगला व सुषुम्ना या नाड्यांसह अनाहत वेणूचा उल्लेख आहे. दळांचा वा वर्णांचा तपशील नाही.

म्हणून नामदेवांच्या शब्दावर उत्तरकालीन चित्र लादणे हा कालविपर्यास ठरेल. येथे हृदय हे पाहण्याचे नव्हे, ऐकण्याचे स्थान आहे.