दोन सेकंदांची उसंत

संगणक बंद करणे म्हणजे दिवा मालवणे नव्हे, हे आपल्यापैकी अनेकांना विंडोज ९५ने शिकवले. 'शट डाऊन' म्हटले की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरे उमटत : आता संगणक बंद करायला हरकत नाही. मग आपण बटण दाबायचे.

ही परवानगी कशासाठी? डिस्क ही फिरती तबकडी, मेमरीच्या मानाने फारच संथ. म्हणून लिहायचा मजकूर संगणक आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. वाणी दिवसभराची उधारी कच्च्या वहीत टिपून रात्री खतावणीत चढवतो ना, तसेच. मध्येच वीज गेली तर कच्ची वहीच नाहीशी! भारनियमनाच्या दिवसांत आपण हे पुष्कळ भोगले. वर वीज आल्यावर विंडोज ९८ आपल्यालाच ऐकवी की, संगणक नीट बंद केला नव्हता.

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्समध्ये मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवण्यासाठी 'सिंक' ही आज्ञा होती. जुने जाणते सांगत, ती तीनदा द्या, दर वेळी नव्या ओळीवर टाइप करून. हा मंत्रतंत्र नव्हता. आज्ञा नुसती मागणी नोंदवून परत येई, लिखाण मागाहून चाले. पुढच्या दोन आज्ञा टाइप करण्यात जो वेळ जाई, तेवढ्यात डिस्कचे काम उरके. माणसाची बोटे संथ, म्हणून मजकूर सुखरूप!

१९९५मध्ये इंटेलने 'एटीएक्स' ही रचना आणली आणि वीज तोडण्याचे काम सॉफ्टवेअरच करू लागले. बटणाकडे जाणारा हात मधून गेला. तिकडे डिस्कच्या पोटातही स्वतःची छोटी मेमरी आली होती. विंडोजने मजकूर डिस्कच्या हवाली केला, पण डिस्कने तो तबकडीवर लिहिलेलाच नसे. प्रोसेसर वेगवान, बंद होण्याची घाई मोठी. वीज आधीच तुटे. विंडोज ९८ आणि मी या आवृत्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टला २०००च्या सुमारास दुरुस्ती काढावी लागली. ती काय होती? बंद होण्यापूर्वी दोन सेकंद थांबणे. इतकेच.

अर्थात अंदाजाने थांबणे हा काही पक्का इलाज नव्हे. पोटातले सारे लिहून काढ, असे डिस्कला बजावणारी आज्ञा मानकात आहे. डिस्कने 'झाले' म्हटल्यावरच वीज तोडायची. आता तबकडीही मागे पडली. सर्व्हरसाठीच्या अनेक एसएसडींवर छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. वीज अचानक गेली, तरी हातातले लिखाण पुरे होईपर्यंत ते तिला तग धरू देतात.