पळालेले मूल आणि हरवलेले मूल

टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याच तुरुंगाच्या वास्तूत पुढे निराधार मुलांचे निरीक्षणगृह आले, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी असते. वास्तू तुरुंगाची होती. कायद्याची भाषाही बराच काळ तुरुंगाचीच राहिली.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कायदा शिकलो तो कोर्टाच्या पायऱ्यांवर. १८५९ च्या करारभंग कायद्यान्वये, उचल घेतलेला मजूर काम टाकून गेला की मॅजिस्ट्रेट त्याला कामावर परत धाडी. न ऐकल्यास कैदेत टाकी. तो का गेला, हे कोण विचारणार? तो कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडले.

मुलांचीही तीच कथा. १८९७ च्या रिफॉर्मेटरी शाळांच्या कायद्यात, पळालेल्या मुलाला वॉरंटावाचून पकडण्याची सोय होती. मुंबईचा बालकायदा १९२४ चा, चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची. शिक्षेच्या जागी सांभाळ हा विचार आला. तरी २००० च्या बालन्याय कायद्यातही 'पळालेल्या' मुलाचे कलम उरलेच. पळाल्याबद्दल त्याच्यावर खटला भरू नये, एवढी माणुसकी त्यात होती.

एका शब्दाने काय बिघडते? आमच्या एका दिवंगत सभासदाचा मुलगा बालगृहातून नाहीसा झाला. वहीत शेरा पडला, 'पळाला'. दोन दिवस कोणी हलले नाही. आम्हीच शोधून काढला तेव्हा कळले, धाकटी बहीण दुसऱ्या गृहात होती. तिला भेटायला पोरगा पायी निघाला होता.

तो सापडला. नोएडातल्या निठारीच्या मुलांचे २००६ च्या अखेरीस अवशेषच निघाले. ती घरातली मुले. पण त्यांच्या गरीब आईबापांच्या तक्रारींचीही वेळेवर दखल घेतली गेली नव्हती.

१० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी, अपहरण वा विक्री झाली असे धरूनच तपास करावा. २०१५ च्या कायद्याने हरवलेले आणि पळून गेलेले मूल एकाच ओळीत, संरक्षणाची गरज असलेल्यांत बसवले.

कागदावर शब्द बदलला. वहीतला बदलायचा आहे. मूल परत आले की आधी जेवू घालावे, मग विचारावे, "बाळ, का गेला होतास?" त्या उत्तरात गृहाचा सारा हिशेब असतो.