#थ्रेड : वजनकाट्याला न दिसणारा मधुमेह आणि डॉ. चित्तरंजन याज्ञिक
१/ २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, तंतोतंत सारखा : २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! हा फरक येतो कोठून, या प्रश्नाभोवतीच याज्ञिक यांची कारकीर्द उभी आहे.

२/ पुण्यात वैद्यकीय शिक्षण आणि ऑक्सफर्डमध्ये मधुमेहावर संशोधन करून ते १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयात रुजू झाले. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला मधुमेही उतारवयाचा आणि स्थूल. पुण्यातले रुग्ण मात्र तुलनेने तरुण आणि सडपातळ होते.

३/ याच सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जन्मनोंदी तपासत होते. हर्टफर्डशायर परगण्यात सुइणींनी टिपलेली बाळांची वजने त्यांना सापडली. जन्मतः कमी वजनाच्या व्यक्तींना पुढे हृदयविकार व मधुमेह अधिक होतो, असे त्यांतून दिसले. आजाराचे बीज गर्भातच पडते, हा त्यांचा सिद्धान्त.

४/ भारतात अशा जुन्या नोंदी मिळणे कठीण. मग नव्याने नोंदी करणे हाच मार्ग उरला. पण त्यासाठी गावांचा विश्वास हवा. महाराष्ट्रात ग्रामीण आरोग्यकार्याची परंपरा होती. अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. पुण्याच्या केईएमनेही डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली वढू परिसरात असेच काम उभारले होते.

५/ १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ सुरू झाला. साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल त्यात सहभागी होत्या. २,४६६ विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच झाली. सरासरी वजन जेमतेम ४२ किलो. त्यांचा आहार, शेतातले व घरातले कष्ट, रक्त, गर्भाची वाढ, सारे टिपले गेले.

६/ २००३ मध्ये या बाळांची साउदॅम्प्टनच्या बाळांशी केलेली तुलना प्रसिद्ध झाली. सरासरी जन्मवजन इथे २.७ किलो, तिथे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे पोट व दंड बरेच लहान होते. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला कृश, पण चरबी राखून असलेले हे बाळ ‘थिन-फॅट’ या नावाने जगभर ओळखले गेले. लॅन्सेटमधल्या छायाचित्राचे कोडे जन्मापासूनच सुरू होत होते.

७/ आईच्या आहारातील उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळे व दूध यांचा बाळाच्या आकाराशी अधिक संबंध दिसला. सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेटची कमतरता केवळ एकीत. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रतिरोध सर्वाधिक आढळला.

८/ अर्थात, सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. म्हणून २०१२ मध्ये पुढचा प्रयोग सुरू झाला. हीच मुले आता किशोरवयीन होती. त्यांतील काहींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आले. उद्देश हा, की ती आईबाप होतील तेव्हा त्यांच्या बाळांवर परिणाम दिसतो का, हे पाहावे. एका पिढीच्या नोंदवहीत दुसरी पिढी लिहिली जाऊ लागली.

९/ अठराव्या वर्षी ३७ टक्के तरुण आणि १८ टक्के तरुणींमध्ये रक्तशर्करेचे नियमन बिघडलेले दिसले. ही बहुतांशी सडपातळ, खेड्यात वाढलेली मुले होती.

१०/ मधुमेह झाला की रुग्णाच्या जिभेला दोष देण्याची आपली रीत आहे. आहार आणि व्यायाम यांचे महत्त्व कमी होत नाहीच. पण या सहा गावांच्या नोंदी दोषाचा काटा मागे नेतात, रुग्णाच्या ताटापासून त्याच्या आईच्या ताटापर्यंत. त्या ताटात काय वाढले गेले, हा प्रश्न वैद्यकाइतकाच इतिहासाचाही आहे.