मोठें चाक आणि उंच गाडी



सडक जेथें संपते, तेथें मोटारीची खरी परीक्षा सुरू होते. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर चाक केवढें आहे आणि गाडीचें पोट जमिनीपासून किती वर आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. परंतु चाकोरी खोल झाली, मध्येंच धोंडा आडवा आला, किंवा ओढ्याचें पात्र ओलांडण्याची वेळ आली, कीं दोन-चार इंचांना एकदम मोल येतें. जुनी जीप थोडक्या खर्चांत उंच करून घ्यावी आणि तिला मोठीं चाकें बसवावीं, ही हौस आज पुष्कळांना आहे. ही हौस नवी वाटली, तरी ती ज्या प्रश्नांतून निघाली तो प्रश्न फार जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे उंची कोठें स्वस्तांत मिळते आणि कोठें ती जिवावर बेतते, हें आपोआप कळून येतें. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

प्रारंभ आपल्या जुन्या बैलगाडीपासूनच करूं. तिचें लांकडी चाक उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढें मोठें असे. चाकाच्या मध्यभागीं तुंबा, तुंब्यांतून निघालेले आरे आणि बाहेरून लोखंडी धांव, अशी त्याची रचना. दोन चाकांना जोडणारा आंस चाकाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे चाकाच्या निम्म्या उंचीवर असतो. चाक मोठें, म्हणून आंस उंच. आणि आंस उंच, म्हणून चाकोरींतील चिखल व धोंडे त्याच्या खालून निघून जात. मोठें चाक लहान खड्ड्यांत फारसें उतरतही नाहीं. आपल्या सुतारांनीं हा नियम कोणत्याही ग्रंथांत वाचलेला नव्हता. परंतु तो पक्का आहे, आणि पुढच्या साऱ्या कथेचें मूळ त्यांत आहे. आंसाची उंची फक्त चाक वाढवितें. दुसरें कांहींही नाहीं.

बैलगाडीला स्प्रिंग नसे. तिच्यांत बसणाऱ्याला प्रत्येक खड्ड्याचा हिशोब कमरेनें द्यावा लागे. इंग्लंडांत १८०४ सालीं ओबाडाया एलियट यानें लंबवर्तुळाकार पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचें पेटंट घेतलें. एकावर एक ठेवलेल्या वांकलेल्या पट्ट्या भार पडला कीं चपट्या होतात आणि भार उतरला कीं पूर्ववत् होतात, या गुणामुळें गाडीचें शरीर आंसापासून वेगळें तरंगूं लागलें. येथपासून गाडीला दोन उंच्या प्राप्त झाल्या. एक आंसाखालची, जी चाकावर अवलंबून. आणि दुसरी शरीराखालची, जी पाट्यांवर अवलंबून. हा भेद लक्षांत न घेतल्यामुळें आजही पुष्कळांचे पैसे पाण्यांत जातात.

मोटारीच्या युगांत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. हेन्री फोर्ड यानें १९०८ सालीं आपली टी मॉडेल गाडी काढली, तेव्हां अमेरिकेंतील खेड्यांचे रस्ते मातीचेच होते. म्हणून त्या गाडीला तीस इंची उंच, सडपातळ चाकें देण्यांत आलीं आणि तिचें पोट जमिनीपासून बरेंच वर ठेवण्यांत आलें. १९२७ पर्यंत अशा दीड कोट गाड्या बाहेर पडल्या. पुढें सडका सुधारल्या, वेगाची आवड वाढली आणि मोटारी ठेंगण्या होत गेल्या. उंचीची आठवण जगाला पुन्हा झाली ती दुसऱ्या महायुद्धांत.

१९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकन लष्करानें १३५ कारखान्यांना पत्रें पाठवून एक हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी मागितली. नमुना तयार करण्यास मुदत अवघी ४९ दिवसांची होती. पेनसिल्व्हेनियांतील बँटम या लहानशा कंपनीसाठीं कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यानें आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं पहिला नमुना लष्करापुढें उभा राहिला. पुढें मोठीं कंत्राटें मात्र विलीज आणि फोर्ड या कारखान्यांना मिळालीं. युद्ध संपेपर्यंत दोघांनीं मिळून सहा लाखांवर गाड्या बांधल्या. हीच ती जीप. तिचीं पुढचीं-मागचीं चाकें ८० इंच अंतरावर, इंजिन ६० अश्वशक्तीचें, आणि टायर सोळा इंची चाकावर सहा इंच रुंदीचे.

शत्रूच्या दृष्टीस सहज पडूं नये म्हणून गाडी ठेंगणी हवी, ही लष्कराची अट होती. म्हणून जीपमध्यें पाटे आंसाच्या खालून नेलेले आहेत. आंस पाट्यांवर बसतो आणि गाडीचें शरीर तेवढें खालीं येतें. रणांगणावर हा गुण होता. पुढें दगडी वाटांवर हिंडणाऱ्यांना त्यांतच एक फुकटची संधि दिसली. तिचा विचार पुढें येईल.

त्याच काळांत जर्मनीनें हा प्रश्न वेगळ्या वाटेनें सोडविला होता. फोक्सवॅगनपासून तयार केलेल्या त्यांच्या क्यूबलवॅगन या लष्करी गाडीला मागच्या चाकांपाशीं दंतचक्रांची एकेक पेटी होती. त्यामुळें चाकाचा मध्य खालीं आणि जोर आणणारा दांडा वर, अशी रचना साधली. चाक न वाढवितां मधला भाग उंच झाला. युद्धानंतर आल्बर्ट फ्रीड्रिश यानें शेतकऱ्यांसाठीं आंखलेल्या युनिमोग या गाडीला हीच युक्ति चारही चाकांना लावली. तिच्या दोन चाकांमधील अंतर १२७० मिलिमीटर ठेवलें होतें, कारण बटाट्याच्या दोन ओळींची रुंदी तेवढी भरे. ही रचना उत्तम खरी, परंतु खर्चाची. जुन्या जीपच्या धन्याला ती परवडणारी नव्हती. त्याला लोहारशाळेंत साधेल तेंच हवें होतें.

युद्ध संपल्यावर १९४५ सालीं विलीजनें शेतीच्या उपयोगाची सीजे-२ए ही मुलकी जीप काढली. लष्करानें विकून टाकलेल्या जीपही शेतकरी, शिकारी आणि खाणवाले यांच्या हातीं आल्या. कॅलिफोर्नियांत १९५३ सालीं सिएरा नेवाडा पर्वतांतील रुबिकॉन नांवाच्या धोंडाळ वाटेनें जीपवाल्यांची पहिली सामुदायिक यात्रा निघाली. अशा वाटेवर गाडी अडकते ती बहुधा आंसाच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर. तो वर उचलायचा तर मोठें चाक हवें, आणि मोठें चाक बसवायचें तर तें मडगार्डला घासूं नये म्हणून शरीरही वर उचलायला हवें. गाडी उंच करण्याच्या धंद्याचें सारें कारण एवढ्या एका वाक्यांत आहे.

आपल्याकडेही ही गाडी लवकरच आली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें मुंबईंत माझगांव येथें विलीजचे सुटे भाग आणून जीप जुळविण्यास आरंभ केला. १९५३ सालीं अमेरिकेंत निघालेली सीजे-३बी पुढें आपल्या देशांत परवान्यानें अनेक दशकें तयार होत होती. सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि धरणांच्या कामांवर या गाड्या वर्षानुवर्षें राबल्या. आज ज्या जुन्या जीप हौशी लोक विकत घेऊन उंच करतात, त्यांपैकीं पुष्कळ याच घराण्यांतल्या.

आतां थोडक्या खर्चाचे उपाय पाहूं. पहिला उपाय पाट्यांत आणखी एक पाटा घालण्याचा. आपले मालमोटारवाले ओझ्यासाठीं हेंच करतात. पैसे थोडे लागतात, परंतु पाट्यांचा जुडगा ताठ होतो. ताठ पाटा खाचखळग्यांत लवत नाहीं, म्हणून एक चाक अधांतरी राहतें आणि जें साधायचें तेंच बिघडतें. त्यापेक्षां थकलेल्या पाट्यांना जाणत्या लोहाराकडून पुन्हा बांक देऊन घेणें बरें. जुन्या गाडीची पुष्कळशी उंची केवळ पाटे बसल्यामुळेंच गेलेली असते.

दुसरा उपाय शॅकल लांब करण्याचा. पाट्याचें एक टोंक ज्या झुलत्या कडीनें चेसिसला टांगलेलें असतें तिला शॅकल म्हणतात. ती दोन इंच वाढविली तर गाडी दोन इंच उचलली जाईल, असें वाटतें. प्रत्यक्षांत एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचें दुसरें टोंक जागच्या जागीं असतें आणि आंस मध्यावर असतो. शिवाय पुढचा आंस थोडा फिरतो, सुकाणूचा कल बदलतो आणि गाडी सरळ रेषेंत चालेनाशी होते. तिसरा उपाय चेसिस व शरीर यांच्यामध्यें ठोकळे घालण्याचा. अमेरिकेंत कित्येकांनीं यासाठीं बर्फावरील हॉकीच्या रबरी चकत्या वापरल्या. चकती बरोबर एक इंच जाडीची असते. यानें चाकाला जागा होते, पण चेसिसखालचें अंतर तसूभरही वाढत नाहीं.

चौथा उपाय सर्वांत नामांकित. आंसाखालून जाणारे पाटे काढून आंसाच्या वर बसविणें, ही ती जीपमधली फुकटची संधि. पाटे तेच, आंस तोच. उंची मात्र आंसाच्या नळीची जाडी अधिक पाट्यांची जाडी, म्हणजे एकूण सुमारें चार-पांच इंच मिळते. टोयोटाच्या जुन्या लँड क्रूझरला पाटे कारखान्यांतूनच आंसावर होते, तेव्हां ही रचना मुळांत वाईट म्हणतां येत नाहीं. परंतु ती गाडी तशी आंखलेली होती. आपली जीप तशी आंखलेली नाहीं. पाट्यांच्या नव्या बैठकी आंसावर अचूक कोनांत वितळजोडानें पक्क्या कराव्या लागतात. जोर लागला कीं आंस पाट्यांना पिळतो. इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट अधिक तिरपा होऊन त्याचे सांधे लवकर झिजतात. सुकाणूचा दांडा तिरपा झाला कीं प्रत्येक खड्ड्यांत चाक आपोआप वळूं पाहतें. आणि ब्रेकची रबरी नळी आंखूड पडली, तर चाक खालीं लोंबतांच ती ताणून तुटते. पाटे वर बसविण्याचा खर्च थोडा. हें सारें नीट करण्याचा खर्च त्याहून मोठा. जो दुसरा खर्च वांचवितो, त्यानें पहिला करूंच नये.

मोठ्या चाकाचा हिशोब शाळेंतल्या त्रैराशिकानें सुटतो. मूळ चाकाचा व्यास हिशोबापुरता २८ इंच धरूं आणि नवें चाक ३१ इंचांचें घेऊं. व्यास तीन इंच वाढला, पण आंस वर गेला दीडच इंच, कारण तो चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे चार इंच शरीर उचलून पदरांत पडलें तें दीड इंच! चाकाचा एक फेरा आतां अधिक अंतर कापतो. म्हणून वेगाचा कांटा ताशीं ५० मैल दाखवीत असेल, तेव्हां गाडी ५५ मैलांनीं धांवत असते. मुलकी सीजे-२ए चें आंसांतलें दंतप्रमाण ५.३८ होतें, मोठ्या चाकानें तें जवळजवळ ४.८६ सारखें वागूं लागतें. लष्करी जीपचें प्रमाण ४.८८ होतें. याचा अर्थ असा कीं, शेतीच्या कामासाठीं कारखान्यानें जो ओढण्याचा जोर मुद्दाम वाढवून दिला होता, तो या एका बदलानें आपण परत करतों. त्या गाडीचे ब्रेक अवघ्या नऊ इंची ड्रमचे. चाक मोठें झालें म्हणून ते मोठे होत नाहींत, उलट त्यांना अधिक झगडावें लागतें.

सर्वांत गंभीर गोष्ट तोलाची. जीपच्या दोन चाकांमधील अंतर चार फुटांच्या आसपास असतें. समजा, गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे. मग उभी गाडी ४५ अंशांच्या उतारापर्यंत आडवी तग धरील. तोच मध्य चार इंच वर गेला, कीं ती मर्यादा सुमारें ४१ अंशांवर येते. चार अंश कागदावर थोडे दिसतात. परंतु वळणावर, वेगांत, आणि एक चाक धोंड्यावर चढलेलें असतांना तेच चार अंश गाडी चाकांवर राहते कीं टपावर, हें ठरवितात. जुन्या उघड्या जीपला तर टपही नसतो. आंत बसलेल्यांच्या डोक्यावर कापड असतें.

कायद्याचाही विचार आवश्यक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा फेरफार करूं देत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें त्याचा अर्थ स्पष्ट केला आहे. म्हणून हत्यार हातीं धरण्यापूर्वीं नोंदणी-कार्यालयांत विचारणें हीच पहिली पायरी होय.

मग अल्प खर्चांत जुन्या जीपवर प्रेम करणाऱ्यानें करावें काय? प्रथम ब्रेक, सुकाणू आणि सांधे निर्दोष करावेत. बसलेले पाटे पुन्हा उभे करावेत. चाक बदलावयाचें झालें, तर मूळ मापाच्या जवळचें, खोल नक्षीचें टायर घ्यावें. मऊ जमिनीवर हवा थोडी कमी केली, तर टायर अधिक जागेवर पसरून पकड वाढते, आणि त्याला एक पैही लागत नाहीं. सडकेवर परततांच ती हवा पुन्हा भरावी मात्र. एवढ्यानें भागलें, तर उंचीचा प्रश्न बहुतेकांच्या बाबतींत उरतच नाहीं. ज्याला त्याहून अधिक हवें असेल, त्यानें सारा हिशोब आधीं कागदावर मांडावा, आणि शेवटचा आंकडा पेलत असेल तरच पहिला बोल्ट सैल करावा.

बैलगाडीच्या सुतारानें चाक मोठें केलें, तेव्हां आंस, आरे, धांव आणि बैलांचें बळ हीं सारीं त्यानें एकत्र तोललीं होतीं. उंची त्यानें एकट्या चाकाकडून मागितली नव्हती. ती साऱ्या गाडीकडून मागितली होती. जुनी गाडी उंच करणाऱ्या आजच्या कारागिरानेंही तोच तोल सांभाळला, तर तिच्यांत बसलेलीं माणसें दगडी वाट ओलांडून सुखरूप घरीं येतील.